पालकाच्या सहीनिशी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. हे वाक्य दोनदा वाच, कारण कोर्टाच्या मते मी बरी नाही, आणि हे पत्रसुद्धा माझ्या पालकाने वाचल्यावरच पेटीत पडणार आहे. तुला पत्र लिहायची परवानगी मी नोव्हेंबरात मागितली होती, ती परवा मिळाली. एकाहत्तर वर्षांच्या बाईने सख्ख्या भावाला चार ओळी लिहायला अर्ज करायचा, त्या अर्जाला आवक क्रमांक पडायचा! यावर मी आधी रडले, मग हसले आणि मग स्मरणपत्र दिलं.

तुला एवढंच ठाऊक असेल की जूनमध्ये मला ताप आला. तो डोक्यात गेला आणि तीन आठवडे मी दवाखान्यात वाटेल ते बरळत होते. सह्या करायला घरचं माणूस हवं म्हणून ह्यांचा पुतण्या आला. तोच रे, आपला शिक्का, पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं बसलेला. दुसरा कोणी असता तर सही करून मोकळा झाला असता. ह्याने नियम वाचला आणि सही करायचा अधिकार मिळावा म्हणून कोर्टात गेला. तारीख पडेपर्यंत मी चांगली हिंडूफिरू लागले होते, पण कागद पुढे गेला होता.

सुनावणीला मी स्वतः गेले. न्यायाधीशांनी अगदी मायेने विचारलं की आजी, या खोलीत कोण कोण बसलंय ते सांगता का. आता तूच बघ, कोर्टासमोरच्या गल्लीत मी चाळीस वर्षं वकिलांचे आणि न्यायाधीशांचे काळे झगे शिवले. मला कधी गिऱ्हाइकाचं नाव आठवलंय? मी सांगितलं की वर बसलेत ते छाती बेचाळीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. खिडकीपाशी उभे आहेत ते कंबर चव्वेचाळीस, पण माप देताना पोट आत ओढतात. तिसऱ्यांचं माप अजून घेतलेलं नाही, सबब ओळखत नाही. हुकमात लिहून आलं की पाल्य व्यक्तींना आकड्यांनी ओळखते आणि उपस्थितांच्या शरीराविषयी अप्रस्तुत बोलते. पाल्य म्हणजे मी. तुमची काळजी कोण घेईल असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझी मी. त्यापुढे उत्तर असंबद्ध असा शेरा आहे.

तेव्हापासून शिक्का रोज सकाळी साडेआठला दारात. गोळी घेतल्याची नोंद, चहा प्यायल्याची नोंद, खिडकी उघडल्याची नोंद. माझ्या सगळ्या कातऱ्या त्याने ‘धारदार वस्तू’ म्हणून कपाटात बंद केल्या. भाजी चिरायला मला लोणी लावायची सुरी दिली आहे. काल मी तिने गाजर कापलं, त्याला पाऊण तास लागला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दुकान जूनपासून बंद आहे म्हणून त्याने ती ‘वापरात नसलेली जागा’ इमारतीच्या मालकाला परत द्यायची परवानगी कोर्टाकडून घेतली आहे. तीस एप्रिलला माझं दुकान जाणार. बंद का आहे? कारण किल्ली शिक्क्याच्या खिशात आहे. धाकट्या, ते कापायचं टेबल गेलं तर मी बरी होऊन उपयोग काय? मला त्या टेबलाशी उभं राहून कापड कापायचंय, हात चालतोय तोवर. कोर्टाने नेमलेला पालक काढता येतो का, तेवढं मला शोधून दे.

तुझ्या मायेवर अजून कोर्टाचा हुकूम निघालेला नाही, ती तशीच ठेव.

तुझी,
अक्का

टीप : पत्र वाचले. पालकाविषयी वापरलेल्या ‘शिक्का’ या शब्दास हरकत नाही. गाजरास एकोणचाळीस मिनिटे लागली. — पालक

⁂

ता. १२ फेब्रुवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला, आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. कारण आता सांगतो. ऑगस्टमध्ये मला कोर्टाचं एक जाड पाकीट आलं होतं. तेव्हा माझ्याकडे एका गृहस्थांच्या खालच्या जबड्याचा साचा वाळत होता आणि त्याखाली घालायला कागद हवा होता. ते पाकीट चांगलं जाड होतं. परवा ते साच्याखालून काढून वाचलं, तर ती तुझ्या पालकाच्या नेमणुकीवर माझी हरकत मागवणारी नोटीस निघाली! कवळी उत्तम बसली, पण माझी बहीण गेली ना हातची. मला माफ कर. पुढे दर तीन महिन्यांनी ‘पाल्याची प्रकृती समाधानकारक’ असं छापील कार्ड यायचं, ती दवाखान्याची पद्धत असेल असं मला वाटलं.

तडक निघून येणार होतो. पण त्याआधी वाचनालयात गेलो आणि पालक-पाल्य कायद्याचं पुस्तक वरच्या फळीवरून काढताना स्टुलावरून पडलो. पाय प्लास्टरमध्ये आहे, दीड महिना हलायचं नाही. पुस्तक सुखरूप आहे. ग्रंथपालबाईंनी (वरचा डावा सुळा चांदीचा) ते घरी नेऊ दिलं.

तर ऐक. पालक काढायला पुस्तकात नऊ कारणं दिली आहेत आणि त्यातलं एक पुरतं. त्याने तुझी हेळसांड केली, वाईट वागवलं, विश्वासाचा गैरफायदा घेतला, कोर्टाचा हुकूम धाब्यावर बसवला, कसल्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली, काम झेपेनासं झालं, दिवाळं निघालं, कोर्टाची हद्द सोडून राहायला गेला, किंवा त्याचा काही स्वार्थ तुझ्या हिताच्या आड येत असला, की झालं. नवापैकी एक तरी त्या शिक्क्याने केलंच असेल. नसेल तर करायला लाव. जरा त्याला चिडव. एकदा तुझ्यावर खेकसला तरी मी त्याचं वाईट वागवणं करून दाखवतो. तुला मी ओळखतो, माणसाला चिडवणं तुला जड जाणार नाही.

आणि एक सांग, तू बरी आहेस असं डॉक्टरकडून लिहून का घेत नाहीस? मग भांडणच मिटलं.

या लंगड्या भावावर रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा,
धाकटा

टीप : बाहेरून आलेले पत्र, वाचून पाल्यास दिले. नऊ कारणे बरोबर आहेत. आवृत्ती जुनी आहे, परंतु हे कलम बदललेले नाही. — पालक

⁂

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. पाय उंचावर ठेव.

नोटिशीचं वाचून दिवसभर तुझ्यावर धुमसत होते. संध्याकाळी कवळी बसली ना नीट, असं मनात आलं आणि राग गेला. आपल्या घरात कामापुढे माणूस दिसत नाही, हा दोष तुझ्या एकट्याचा नाही.

तुझं ऐकून मी कामाला लागले. सोमवारी शिक्क्याच्या नोंदवहीवर मुद्दाम चहा सांडला. त्याने वही पुसली आणि लिहिलं, चहा सांडला, पाल्याचा हात भाजला नाही. मंगळवारी त्याला कारकुंडा म्हटलं. त्याने तो शब्द कसा लिहायचा ते विचारलं. बुधवारी मी दारच उघडलं नाही, तर बाहेर उभा राहून दर दहा मिनिटांनी मी जिवंत असल्याची खात्री मागत होता. शेवटी शेजारीण वैतागली आणि मलाच बोलून गेली की बाई, एवढा काळजीचा माणूस आणि तुम्ही छळता त्याला. माझा नुसता तीळपापड झाला.

हेळसांड म्हणावी तर माझ्या चपलेचा पट्टा सैल झालेला मला कळायच्या आधी त्याला कळतो. गैरफायदा म्हणावा तर माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, बाटली आणतो. गुन्हा तर सोडच, समोर एक गाडी नसली तरी हा रस्ता ओलांडायला दिव्याची वाट बघतो. कोर्टाचा हुकूम तो मोडेल? कोर्टाने पत्रांवर देखरेख ठेव म्हटलं, तर हा शेरे लिहितो, तेही लाल शाईने! मी हात टेकले रे. इतक्या चांगल्या पालकाला काढायला कायद्यात सोयच ठेवलेली नाही.

डॉक्टरचं मी कधीच विचारलंय. दर महिन्याला येतात, मला चालवून बघतात, सुईत दोरा ओवून घेतात आणि जाताना छान म्हणतात. अभिप्रायाचं शिक्क्याला विचारलं तर तो वहीत बघून सांगतो की प्रलंबित आहे. मी सरळ डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले कागदाचं सगळं पालकांना विचारा.

आता एकच राहिलं, हद्द सोडून राहणं. तू त्याला तुझ्याकडे राहायला बोलाव आणि तीस एप्रिल उलटेपर्यंत सोडू नकोस. तो हे वाचणार आहे, मला माहीत आहे. वाचू दे, लाज वाटून तरी जाईल.

तुझ्यावाचून माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही, हे विसरू नकोस.

तुझी,
अक्का

टीप : वाचले. ‘कारकुंडा’ शब्दाचे लेखन तपासले, बरोबर आहे. — पालक

⁂

ता. ६ मार्च

चि. पुतणेबुवांस अनेक आशीर्वाद.

आमचा कट तुझ्याच हातून टपालात पडला आहे, तेव्हा लपवाछपवी करत नाही. तरीही बोलावतो. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एकीत मी आणि माझा प्लास्टरचा पाय, दुसरीत कवळ्या. कवळ्या बोलत नाहीत. खिडकीतून झाड दिसतं, सकाळी ऊन येतं. महिना-दीड महिना येऊन राहा. माझी सोबत होईल आणि माझ्या बहिणीची सुटका होईल, एका दगडात दोन पक्षी मारायला मला संकोच नाही.

तिच्या बाबतीत तू वाईट मनाने हे करत नाहीस, एवढं मला पत्रांवरून कळतं. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

ये किंवा येऊ नकोस, पण अक्काचं टेबल वाचव. तेवढा लोभ तुझ्याकडे मागतो.

तुझा,
मामा (सख्खा नसलो तरी)

⁂

ता. १४ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

आपले दिनांक ६ चे निमंत्रण मिळाले, त्यास जावक क्रमांकासह हे उत्तर. हद्दीबाहेर वास्तव्य केल्यास पालकत्व जाऊ शकते, आणि आपण मला त्याचसाठी बोलावत आहात, हे दोन्ही लक्षात घेता येता येत नाही. क्षमा असावी.

तथापि ते पत्र मी चार वेळा वाचले. एरवी कोणतेही पत्र मी एकदाच वाचतो. मला कोणी महिनाभर राहायला ये म्हटल्याला अकरा वर्षे झाली, म्हणजे आई गेल्यापासून. कारण काहीही असो, आपण बोलावले. झाड कसले आहे ते कळवल्यास बरे होईल. हा प्रश्न कामकाजाचा नाही.

दुकानाबाबत : जागा वापरात नसल्याने परत करणे नियमास धरून आहे. मी नियमाबाहेर काही केलेले नाही, असे लिहिणार होतो. तूर्त ते वाक्य सोडून देतो.

काकू बऱ्या आहेत. काल त्यांनी मला जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली, आवाज खणखणीत होता.

आपल्या पायास उतार पडो आणि माझ्याविषयी फार वाईट मत नसो.

आपला,
पुतण्या

⁂

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. प्लास्टर निघालं हे वाचून जीव भांड्यात पडला. लगेच उड्या मारू नकोस.

इकडे काय झालंय ते बसून वाच. मी ठरवलं की पालक काढण्याचा अर्ज आपणच लिहायचा. लिहिला. नऊच्या नऊ कारणं घातली, म्हटलं एखादं तरी चिकटेल. कोर्टाच्या खिडकीवर गेले, अर्थात शिक्का बरोबर होता, कारण मला एकटीने बाहेर पडता येत नाही. खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट केला आणि सांगितलं की पाल्याच्या सहीचा अर्ज घेता येत नाही, त्यावर पालकाची सही हवी.

मी त्यांना विचारलं की बाई, पालकाला काढायचा अर्ज आहे, त्यावर पालक कशी सही करेल? त्या म्हणाल्या की ते तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे रकाना आहे. मागे रांग होती, आठ माणसं. मी तिथे उभी राहून ओक्साबोक्शी रडले रे. चाळीस वर्षं त्या दाराने झगे खांद्यावर टाकून आत-बाहेर केलं, कधी कोणी अडवलं नाही, आणि आता माझी सही सहीच नाही.

तर शिक्क्याने माझ्या हातातून अर्ज घेतला. मला वाटलं फाडतो की काय. तो बाकावर बसला आणि वाचायला लागला. मग लाल पेन काढलं. हेळसांड खोडलं, बाजूला लिहिलं, पुरावा नाही. दिवाळखोरी खोडली, बँकेचं पत्र जोडू शकतो म्हणाला. शिक्षा खोडली. दोन ठिकाणी माझं लिखाण सुधारलं. मी समोर उभी राहून त्याला तोंडाला येईल ते बोलत होते, आणि तो मान हलवून हो काकू, पण हे टिकणार नाही, असं म्हणत होता. मला काढायचा अर्ज तो माझ्या भल्यासाठी पक्का करत होता! शेवटी एकच कारण राहिलं, स्वार्थ हिताच्या आड येणं, ते. तिथे त्याचं पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मी म्हटलं खोड की तेही, तुझा कसला आलाय स्वार्थ. त्याने ते खोडलं नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि स्वतः खिडकीत नेऊन दिला.

सुनावणी बावीस तारखेला आहे. तीसला दुकान जातं, म्हणजे मध्ये आठ दिवस. पण एका रिकाम्या कारणावर अर्ज उभा आहे, तो काय टिकणार? माझी झोप उडाली आहे.

तुझा आशेचा स्वभाव आहे, थोडी आशा पाकिटात घालून पाठव.

तुझी,
अक्का

टीप : वाचले. — पालक

⁂

ता. १७ एप्रिल

ती. काकूंस सा. न. वि. वि.

रोज साडेआठला तुमच्यासमोर उभा असतो, तरी हे टपालाने पाठवत आहे. तोंडाने सांगायला गेलो तर मी टिपणी वाचल्यासारखा बोलेन.

अर्जात जे एक कारण मी ठेवलं, ते रिकामं नाही. नऊ डिसेंबरला डॉक्टरांनी तुमच्याविषयी कागद दिला. त्यात लिहिलं आहे की तुम्ही पूर्ण बऱ्या आहात, स्वतःचे सगळे निर्णय घेऊ शकता आणि कापण्या-शिवण्याचं काम करायला हरकत नाही. तो मी सात दिवसांत कोर्टात द्यायला हवा होता. दिला नाही. तुम्हाला प्रलंबित आहे असं सांगितलं. डॉक्टरांना कोर्टात दिला आहे असं सांगितलं. त्या कागदाला मी आवक क्रमांक घातला नाही. माझ्या तीस वर्षांत क्रमांक न घातलेला तो एकच कागद. माझ्या ट्रंकेत, गरम कपड्यांच्या खाली होता.

कारण विचाराल. माझ्या टेबलावर आलेला प्रत्येक कागद दुसऱ्या कोणाचा होता, तो मी दुसऱ्या कोणाकडे पाठवला. माझ्या स्वतःच्या नावाचा पहिला कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम. त्यात लिहिलं होतं की या बाईंची जबाबदारी या माणसावर आहे. मी तो कितीदा वाचला ते सांगत नाही. मग रोज साडेआठला दार उघडायचं आणि कोणीतरी मला शिव्या द्यायचं. ऑफिसात मला कोणी शिव्याही देत नाही काकू. बदली झाली तर आठवडाभर कोणाच्या लक्षात येणार नाही. मला त्या शिव्या आवडायला लागल्या. तुम्ही बऱ्या झालात हे कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. दुकानाची परवानगीही मी त्यानंतरच मागितली. दुकान उघडलं असतं तर तुम्हाला माझी काय गरज राहिली असती? मी ते नियमात बसवलं, पण ते नियमासाठी केलं नव्हतं.

म्हणजे माझा स्वार्थ तुमच्या हिताच्या आड आला. पुस्तकातली बाकीची आठ कारणं मला लागू नाहीत, हे लागू आहे. डॉक्टरांचा कागद आणि या पत्राची प्रत कोर्टात दिली आहे. बावीसला मी विरोध करणार नाही.

माझ्याविषयी लोभ राहिला नसेल, तर तसं समजून घेईन.

तुमचा,
पुतण्या

⁂

ता. २४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

शिक्क्याच्या पत्राची नक्कल सोबत आहे, ती आधी वाच आणि मग पुढे ये.

वाचलंस? मला ते पत्र मिळालं त्या दिवशी तो आला, तेव्हा मी दार उघडलं आणि एकही शिवी न देता पाठ फिरवून आत गेले. साडेचार महिने! माझ्या वयात साडेचार महिने म्हणजे काय, हे त्या गाढवाला कळतं का? लोण्याच्या सुरीने गाजरं कापली मी. तुला पत्र लिहायला अर्ज केला. मला वाटायला लागलं होतं की कोर्ट म्हणतंय ते खरं असेल, माझं डोकं खरंच गेलं असेल आणि मलाच कळत नसेल. हे मी तुला आजवर लिहिलं नव्हतं, कारण लाल शाई असायची. रात्र-रात्र मी अंथरुणावर बसून गिऱ्हाइकांची मापं मनातल्या मनात म्हणायचे, एक जरी चुकलं तर काय, या धास्तीने. आणि हा माणूस तो कागद गरम कपड्यांखाली घालून निवांत.

बावीस तारखेला गेले. कोर्टाचा गोंधळ बघायला तू हवा होतास. अर्जदार पाल्य, पण पाल्याच्या वतीने बोलणार पालक, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज तोही पालक. शिक्क्याला आधी एका बाजूला उभं केलं, तिथून त्याने सांगितलं की पालकाला काढावं. मग त्याला दुसऱ्या बाजूला नेलं आणि यावर तुमचं म्हणणं काय असं विचारलं, तर तिथून त्याने सांगितलं की वरील म्हणणं खरं आहे. लिहून घेणाऱ्या बाईंनी दोनदा कागद बदलला. न्यायाधीशांनी स्वतःकडे बोट दाखवून मला विचारलं की मी कोण आहे ते सांगता का. धाकट्या, जिभेवर आलेलं माप मी दातांत धरलं आणि ‘न्यायाधीश साहेब’ एवढंच उत्तर दिलं. मग त्यांनी डॉक्टरांचा कागद वाचला, शिक्क्याचं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं. आठ महिन्यांच्या तक्रारी मी पाठ करून नेल्या होत्या. पण माझ्या तोंडून एवढंच आलं की साडेचार महिने, साहेब. तेवढ्यावर खाली बसले.

पालक काढला. नवा नेमला नाही, पाल्य बरी असल्याने गरज नाही असं लिहिलं. दुकानाची परवानगी रद्द. फक्त या हुकमाची प्रत पाल्याला पालकामार्फत देण्यात यावी, अशी शेवटची ओळ आहे, ती छापीलच असते म्हणे. तेव्हा स्वतःलाच काढल्याचा हुकूम घेऊन काल शिक्काच साडेआठला दारात उभा.

त्याला घेऊनच दुकानात गेले, कारण किल्ली त्याच्याकडे होती. धूळ बोटभर. टेबल जागेवर. कातऱ्या त्याने पिशवीतून काढून एकेक ओळीने मांडल्या आणि त्या मिळाल्याची माझी सही घेतली. माझी सही रे! एकटीची, खाली कोणाचं नाव नाही. मी मोठी कातर हातात घेतली, एक काळा तुकडा पसरला आणि सरळ कापत गेले, हात हलला नाही. मग मात्र मी त्याच्याकडे वळले आणि जे काही बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. गल्लीतले दोन वकील दारात येऊन थांबले होते. तो ऐकत उभा राहिला. वही आणली नव्हती.

माझं बोलून झालं तरी तो जाईना. टोपी हातात, दाराशी चुळबुळ. शेवटी अगदी हळू विचारलं की काकू, आता कुठल्या अधिकारात यायचं?

मी त्याला माफ केलेलं नाही, धाकट्या. माफ करायला मला वेळ लागतो, तुझ्या त्या नोटिशीचाही मला मधूनच राग येतो. तेच मी त्याला सांगितलं. सांगितलं की बाबा रे, पालक होतास ते कोर्टाने काढलं. पण तू ह्यांच्या भावाचा मुलगा आहेस, माझा पुतण्या आहेस. त्या नात्यातून काढायला काय कारण लागतं ते शोधायला मी ती नऊही कारणं परत वाचली, त्यात एकही नाही. तेव्हा मंगळवारी ये आणि रिकाम्या हाताने ये. तो टोपी डोक्यावर घालायला लागला, पण घालता येईना. तिथेच स्टुलावर बसून तो लहान मुलासारखा रडला, आणि मी कापत राहिले, कारण मलाही दुसरं काही सुचेना.

पाय धड झाला की निघून ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का